आधी कागद, मग पडदा : कलामहर्षी बाबूराव पेंटर

आमच्या गोमंतकात जत्रेच्या रात्री देवळासमोरील मांडवात नाटक उभे राहते, तेव्हा रंगमंचाच्या मागे एक रंगविलेला पडदा सोडलेला असतो. त्यावर कधी राजवाड्याचे खांब असतात, कधी घनदाट अरण्य, तर कधी दूरवर जाणारा राजरस्ता. वारा सुटला की राजवाडा हलतो. पण प्रेक्षक हसत नाहीत. पडदा हा पडदाच आहे हे सर्वांस ठाऊक असते आणि तरीही त्यापुढे उभ्या असलेल्या नटाला सगळे राजाच मानतात. नाटकाचा प्रेक्षक असा उदार असतो. कॅमेऱ्याचा डोळा मात्र उदार नाही. त्याच्यापुढे एकदा हललेला राजवाडा कायमचा हललेलाच राहतो. हा भेद आपल्या देशात ज्यांनी फार लवकर ओळखला आणि त्यावर उपायही योजला, त्यांत कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. तरुणपणी ज्यांनी नाटकांसाठी पडदे रंगविले, त्यांनीच पुढे चित्रपटातून तो रंगीत पडदा दूर केला आणि त्या जागी खरीखुरी वास्तू उभी केली. कुंचला खाली ठेवून त्यांनी कॅमेरा हाती घेतला असे पुष्कळजण समजतात. आम्हांस वाटते, कुंचला त्यांनी कधी खाली ठेवलाच नाही. कॅमेरा फिरू लागण्यापूर्वी तो कागदावर फिरत असे आणि त्यातच त्यांच्या यशाचे बीज होते.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापूर येथे झाला. मेस्त्री हे आडनावच कारागिराच्या घराण्याची साक्ष देते. गोव्यातही सुतारास मेस्त म्हणतात, हे आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. बाबूरावांना कोणत्याही कलाशाळेचे शिक्षण लाभले नाही. चित्रकला व शिल्पकला या दोन्ही विद्या त्यांनी पाहून, करून आणि चुकलेले पुसून हस्तगत केल्या. मात्र ज्या नगरीत ते वाढले ती नगरीच एक मोठी शाळा होती. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयामुळे त्या काळी कोल्हापुरात गवई, मल्ल, चित्रकार आणि नाटकमंडळ्या एकत्र नांदत होत्या. आबालाल रहिमान यांच्यासारखा थोर चित्रकार तेथेच रंगसाधना करीत होता. अशा वातावरणात हुशार मुलाला गुरू शोधीत फिरावे लागत नाही. डोळे उघडे ठेवले की पुरे होते. चित्रे रंगविण्याच्या व्यवसायावरून लोक त्यांना पेंटर म्हणू लागले आणि पुढे मूळ आडनाव मागे पडून तेच नाव रूढ झाले.

त्यांचे नात्याने बंधू असलेले आनंदराव पेंटर हेही असेच हरहुन्नरी कलावंत होते. 1910 ते 1916 या काळात या दोघांनी केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी व इतर नाटकमंडळ्यांसाठी पडदे रंगविले आणि पश्चिम भारतात त्यांच्या पडद्यांचा लौकिक झाला. पडदा रंगविणे म्हणजे केवळ रंग फासणे नव्हे. सपाट कापडावर खोली दाखवावयाची, जवळचा खांब मोठा आणि दूरचा लहान काढावयाचा, शेवटच्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकालाही महाल ओळखू यावा आणि पहिल्या रांगेतल्याला तो ओबडधोबड वाटू नये, हे सर्व भान ठेवावे लागते. प्रेक्षक कोठे बसला आहे आणि त्याला तेथून काय दिसेल, याचा विचार चित्रापूर्वी करावा लागतो. ही सवय बाबूरावांना आयुष्यभर पुरली.

1913 साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत झळकला. त्या हलत्या चित्रांनी या दोघा बंधूंना वेड लावले. प्रारंभी त्यांनी चित्रपट दाखविण्याचा व्यवसाय केला; पण लोकांचे चित्रपट दाखवून त्यांचे समाधान होईना. आपला चित्रपट काढावयाचा तर कॅमेरा पाहिजे आणि परदेशी कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा कॅमेरा आपणच बनवावा, असे त्यांनी ठरविले. विद्यार्थी मित्रहो, ही गोष्ट लिहिण्यास सोपी आहे. कॅमेऱ्यातील फिल्म सारखी सरकत राहून चालत नाही. ती एका सेकंदात सोळाएक वेळा पुढे सरकली पाहिजे आणि प्रत्येक वेळी क्षणभर अगदी स्थिर थांबली पाहिजे. ती सरकत असताना झडप बंद आणि थांबली असताना उघडी राहिली पाहिजे. या सरकण्याथांबण्यात केसाएवढी चूक झाली तरी चित्र थरथरते. हे यंत्र पुरे होण्यापूर्वीच 1916 साली आनंदरावांना मृत्यूने गाठले. ज्याच्यासह स्वप्न पाहिले तो सोबती गेला, घडविलेले सुटे भाग तसेच राहिले. बाबूरावांनी ते काम सोडले नाही. विष्णुपंत दामले या आपल्या शिष्याच्या साह्याने त्यांनी 1918 साली चालणारा कॅमेरा तयार केला.

आता हवे होते द्रव्य. कोल्हापुरातील तानीबाई कागलकर या गायिकेने कर्जाऊ रक्कम देऊन महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या उभारणीस हातभार लावला. ज्या काळी बँका चित्रपटाच्या धंद्याकडे ढुंकूनही पाहत नसत, त्या काळी एका कलावतीने दुसऱ्या कलावंतावर टाकलेला हा विश्वास होता. कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ 1920 साली पुण्यास आर्यन थिएटरात प्रदर्शित झाला. खाडिलकरांच्या ज्या ‘कीचकवध’ नाटकावर इंग्रज सरकारने 1910 साली बंदी घातली होती, त्याच कथेवर हा चित्रपट होता. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामतीचे काम पुरुषाला करावे लागले होते; येथे गुलाबबाई व अनसूयाबाई या स्त्रियांनी लोकनिंदा सोसून भूमिका केल्या आणि त्या कमलादेवी व सुशीलादेवी या नावांनी ओळखल्या जाऊ लागल्या. भीमाने कीचकाचा वध केल्याचे दृश्य तर इतके हुबेहूब वठले होते की ते अखेर कापावे लागले. चित्रपट पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

परंतु पदव्या आणि तारखा यांहून आम्हांस अधिक मोलाची वाटते ती बाबूरावांची कार्यपद्धती. चित्रपटाची कथा ते स्वतः रचीत आणि चित्रीकरणापूर्वी पात्रांची रूपे, त्यांचे पोशाख, त्यांच्या हालचाली यांची रेखाचित्रे कागदावर काढून ठेवीत. रशियातील आयझेन्स्टाइन हा विख्यात दिग्दर्शकही चित्र काढून विचार करणारा म्हणून प्रसिद्ध आहे. पुढे 1930 नंतरच्या दशकात अमेरिकेत वॉल्ट डिस्नीच्या चित्रशाळेत अशी चित्रे क्रमाने मोठ्या फळीवर टाचण्यांनी लावण्याची रीत पडली आणि तिला स्टोरीबोर्ड हे नाव मिळाले. आज जगभर हा शब्द चालतो. तो कानी येण्यापूर्वीच कोल्हापुरातील एका मेस्त्रीच्या मुलाने त्या विचाराचा मार्ग स्वतःच्या पायांनी शोधला होता.

या चित्रांचा उपयोग काय, असे कोणी विचारील. त्या काळचा विचार केला म्हणजे उत्तर मिळते. एक तर फिल्म परदेशातून येई आणि ती महाग असे. एकदा उजेड लागलेली फिल्म पुन्हा कोरी होत नाही. कागदावरची चूक रबराने जाते, फिल्मवरची चूक पैशाने भरावी लागते. दुसरे असे की त्या वेळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. तांबडे लुगडे पडद्यावर काळे उमटे आणि निळे आकाश पांढरे होऊन जाई. तेव्हा भिंत कोणत्या रंगाची असावी आणि तिच्यापुढे उभ्या राहणाऱ्या नटीने काय नेसावे, हे आधी काळ्यापांढऱ्या छटांत पाहणे भाग होते. तिसरे आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे असे की, चित्रपट एका हाताने होत नाही. सुतार, शिंपी, रंगारी, दिवे धरणारा, कॅमेरा फिरविणारा, नट आणि नटी या सर्वांच्या मनात एकच चित्र असले पाहिजे. त्या सर्वांना लिहितावाचता येत होतेच असे नाही. पण चित्र सर्वांना वाचता येते. दिग्दर्शकाच्या मनातील महाल सुताराच्या मनात पोहोचविण्यास कागदावरील दहा रेघांसारखे दुसरे साधन नाही.

अशा पूर्वविचारामुळेच बाबूरावांना नेपथ्याची जुनी रीत सोडता आली. रंगविलेल्या पडद्यापुढे उभे राहिलेल्या नटाची सावली जर आकाशावर पडली, तर कॅमेरा ती लबाडी उघड करतो. म्हणून त्यांनी सपाट पडद्याऐवजी लांबी, रुंदी आणि खोली असलेल्या वास्तू उभारल्या. त्यांतून माणसे चालू शकत, खांबाआड लपू शकत, दारातून आत येऊ शकत. हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीवरून 1923 साली काढलेल्या ‘सिंहगड’ या चित्रपटात त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. तोवर चित्रीकरण सूर्याच्या भरवशावर चाले. ढग आले की काम थांबे. सूर्य आपल्या इच्छेप्रमाणे उभा राहत नाही, दिवा राहतो. उजेड कोठून यावा आणि अंधार कोठे राहावा, हे ठरविण्याचे चित्रकाराचे स्वातंत्र्य त्यांनी अशा रीतीने चित्रपटात आणले. चित्रपटाची माहिती व छायाचित्रे असलेल्या पुस्तिका त्यांनी छापल्या, भित्तिचित्रेही स्वतः रंगविली. कथेच्या पहिल्या रेघेपासून थिएटराबाहेरच्या जाहिरातीपर्यंत एकच दृष्टी फिरत असे.

या दृष्टीचे उत्तम फळ म्हणजे 1925 सालचा ‘सावकारी पाश’ हा मूकपट. नारायण हरि आपटे यांच्या कथेवर तो आधारलेला होता. देवदेवतांच्या आणि राजेरजवाड्यांच्या कथा जोरात असताना, सावकाराने जमीन गिळल्यामुळे गाव सोडून शहरात मजुरी करावयास गेलेला एक साधा शेतकरी बाबूरावांनी नायक केला. ती भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. या चित्रपटातील एक दृश्य पाहणाऱ्यांच्या स्मरणात फार काळ राहिले. मंद उजेडात दूरवर एक उदास झोपडी आणि तिच्याजवळ आकाशाकडे तोंड करून रडणारा कुत्रा, एवढेच त्यात होते. मूकपटात कुत्र्याचा आवाज ऐकू येणे शक्य नव्हते, तरी तो प्रेक्षकांच्या काळजापर्यंत गेला. येथे सोन्याचे सिंहासन नव्हते, संगमरवरी खांब नव्हते. नेपथ्य म्हणजे थाटमाट ही समजूत किती चुकीची आहे, हे त्या झोपडीने दाखविले. माणसाची स्थिती ज्या वस्तूंवरून कळते तेवढ्याच वस्तू ठेवणे आणि बाकीच्या काढून टाकणे, हेच खरे नेपथ्य होय.

बाबूरावांचे उत्तरायुष्य मात्र सुखाचे म्हणता येत नाही. मतभेद होऊन दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे त्यांचे कर्तबगार सहकारी बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी 1 जून 1929 रोजी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. दोनच वर्षांनी, 1931 साली, भारतीय चित्रपट बोलू लागला. बाबूरावांना या बोलपटाचे कौतुक वाटले नाही. वर्षानुवर्षे कष्टाने घडविलेली पाहण्याची कला आता संवादांच्या गलबल्यात बुडून जाईल अशी त्यांना भीती वाटे. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. पुढे त्यांनी ‘उषा’, 1936 साली बोलता झालेला ‘सावकारी पाश’, 1937 सालचा ‘प्रतिभा’ असे काही बोलपट केले. शांतारामांच्या निमंत्रणावरून 1947 च्या ‘लोकशाहीर रामजोशी’चे दिग्दर्शनही केले. पण त्यांचे मन पुन्हा चित्र आणि शिल्प यांतच रमले. 16 जानेवारी 1954 रोजी कोल्हापुरात त्यांचे देहावसान झाले.

बोलपटाविषयीचे त्यांचे भय सर्वस्वी खरे ठरले नाही. ते खोटे पाडले ते त्यांच्याच शिष्यांनी. प्रभातचे कलादिग्दर्शन फत्तेलाल यांच्याकडे होते. त्यांनी दामले यांच्यासह दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ 1936 साली आला आणि 1937 च्या व्हेनिस येथील महोत्सवात तो जगातील उत्कृष्ट चित्रपटांत गणला गेला. त्या चित्रपटात माणसे बोलतात, गातात. पण तुकोबांचे घर, ते अंगण, जिजाईचा संसार हे सारे डोळ्यांनाही तितकेच सांगत असते. कोल्हापुरात रुजलेली दृष्टी ध्वनीच्या पुरात बुडाली नाही. प्रभातचा पुण्यातील स्टुडिओ पुढे सरकारने घेतला आणि 1960 साली तेथे चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. आज तिचे नाव फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया असे आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले विद्यार्थी तेथे आपले छोटे चित्रपट काढतात आणि कलादिग्दर्शनाचे पाठ गिरवतात. स्वतः शाळा न मिळालेल्या माणसाची परंपरा अशी एका शाळेत येऊन पोहोचली आहे.

महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट मात्र आता नष्ट झाले आहेत. ‘सावकारी पाश’मधील ती झोपडी आज आपण पाहू शकत नाही. फिल्म नाशवंत असते. टिकली ती रीत. आणि रीत ही वापरली तरच टिकते. म्हणूनच हे चरित्र सांगून थांबणे आम्हांस पुरेसे वाटत नाही.

अलीकडे आमचे विद्यार्थीही स्नेहसंमेलनासाठी किंवा स्पर्धेसाठी दहा मिनिटांचे चित्रपट काढू लागले आहेत. कॅमेरा घरोघरी मोबाईलमध्ये आला आहे आणि फिल्मचा खर्च उरलेला नाही. त्यामुळे आधी काढू, मग पाहू, अशी वृत्ती बळावली आहे. समजा, 1961 सालच्या गोव्यातील एका घराची कथा तुम्ही निवडली. उत्साहाने चित्रीकरण केले, आणि नंतर पाहता ओसरीवर प्लॅस्टिकची खुर्ची, भिंतीवर विजेचे मीटर आणि नायकाच्या डोक्यामागे मोबाईलचा मनोरा! अशा वेळी फिल्म फुकट गेली नसली तरी वर्गातील दहा मुलांचा रविवार फुकट गेलेला असतो. कोणाच्या आजीने विश्वासाने दिलेली तांब्याची घागर विनाकारण पोचलेली असते.

यावर बाबूरावांची रीत आजही लागू आहे. वहीचे पान घ्यावे, त्यावर मोबाईलच्या पडद्याच्या आकाराच्या सहा चौकटी आखाव्यात आणि कथेतील प्रसंग क्रमाने काढावेत. माणसे काड्यांची निघाली तरी चालतील. पण दार कोठे, खिडकी कोठे, कोण जवळ आणि कोण दूर, हे नीट दाखवावे. प्रत्येक चौकटीखाली तीन गोष्टी लिहाव्यात : वेळ कोणती व उजेड कोणत्या बाजूने, चौकटीत कोणत्या वस्तू दिसतात, आणि त्या वस्तू कोण आणणार. मग सर्व चौकटी ओळीने मांडून पाहाव्यात. पहिल्या चौकटीत पेटलेला कंदील तिसऱ्या चौकटीत विझलेला का, हे तेथेच ध्यानी येईल. स्वयंपाकघराचे चार प्रसंग कथेत निरनिराळ्या ठिकाणी असले तरी ते एकाच सकाळी घेता येतील, हेही कळेल. जी भिंत कोणत्याच चौकटीत येत नाही, ती सजविण्याचे श्रम वाचतील. आणि प्रत्येक वस्तूला एक प्रश्न अवश्य विचारावा : ही वस्तू या घरातल्या माणसाविषयी काय सांगते? जी काही सांगत नाही ती चौकटीबाहेर ठेवावी. साधनांची गरिबी असणाऱ्यांनी तर ही रीत मुळीच सोडू नये. श्रीमंताला चूक परवडते, गरिबाला विचारच परवडतो.

येथे पालकांस आणि आम्हा शिक्षकांसही एक शब्द सांगितला पाहिजे. परीक्षा जवळ आली की सर्वप्रथम बळी जातो तो चित्रकलेच्या तासाचा. त्या तासाला गणित घेतले जाते आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. चित्रकला म्हणजे रिकामपणचा उद्योग, असा समज अजून गेलेला नाही. बाबूरावांचे आयुष्य या समजाला उत्तर आहे. रेघ काढता येणे म्हणजे जे अजून अस्तित्वात नाही ते पाहता येणे, आणि आपण पाहिलेले दुसऱ्यालाही दाखविता येणे. घर बांधणाऱ्याला, यंत्र घडविणाऱ्याला, शस्त्रक्रिया करणाऱ्याला ही शक्ती लागतेच. कॅमेरा घडविणारा आणि चित्र काढणारा हात एकच होता, हे आपण विसरू नये.

कोणत्याही कलाशाळेची पदवी नसलेल्या या पुरुषाला महाराष्ट्र आजही कलामहर्षी म्हणतो. त्यांचे पुतळे आणि तैलचित्रे यांना वंदन करणे चांगलेच आहे. परंतु आमच्या शाळेतील एखाद्या मुलीने किंवा मुलाने मोबाईल बाजूला ठेवून, पेन्सिलीला टोक करून, कोऱ्या पानावर पहिली चौकट आखली, तर ते वंदन त्यांना अधिक आवडले असते, असे आमचे मन आम्हांस सांगते.